अर्धा तास मासे लागतात, मग फ्लोट हलतच नाही: नदीवरच्या या दुखण्याचं काय करायचं

सुरुवात छान होते. फ्लोट, म्हणजे गळाच्या दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा, प्रवाहाबरोबर सोडला, चिमूटभर अळ्या टाकल्या, तिसऱ्या-चौथ्या फेरीला पहिला रोच आला. मग एक डेस. पुढचा अर्धा-पाऊण तास जवळजवळ प्रत्येक फेरीला काही ना काही. आणि मग सगळं एकदम थांबतं. नदी तीच, जागा तीच, अळ्या त्याच, फक्त फ्लोट काही केल्या बुडत नाही.

इंग्लंडात केनेट आणि लॉडन या नद्यांवर मी गेली कित्येक वर्षं फ्लोटने मासे धरते आहे आणि हे दुखणं इतक्यांदा सोडवलं आहे की आता त्याचा क्रम हाताला ठरून गेला आहे. इथे नव्याने रॉड हातात घेतलेली मराठी मंडळी मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून तो क्रम एकदा सविस्तर लिहिते. हे सगळं चार ते सहा फूट खोल, बेताच्या ओढीच्या, तळाला खडी असलेल्या नदीसाठी आहे. मासे म्हणजे रोच, डेस, चब, मधूनच एखादा बार्बेल. आमिष म्हणजे अळ्या किंवा त्यांचे कोष, ज्यांना इथे कास्टर म्हणतात. तळ्यावरचं गणित वेगळं असतं, ते इथे लावू नका.

आधी लक्षणं नीट बघा

‘मासे लागत नाहीत’ एवढं म्हणून भागत नाही. नेमकं काय होतंय ते बघा, कारण प्रत्येक खुणेमागचं कारण वेगळं असतं.

फ्लोट बुडतो, पण दर वेळी आधीपेक्षा थोडा खाली, प्रवाहाच्या दिशेला. सुरुवातीला समोर लागत होते, आता पंधरा यार्ड खाली लागतात, मग तेही थांबतं. याचा अर्थ मासे जागा सोडून खाली सरकले.

फ्लोट टुचुक टुचुक हलतो, झटका मारला की काही नाही. अळी परत येते ती चोखलेली, नुसतं कातडं. म्हणजे मासे आहेत, पण तुमचा गळ त्यांच्या उंचीवर नाही किंवा आमिष नीट वाहत नाही.

अळी जशीच्या तशी, वळवळती परत येते. एकही चावा नाही. आणि हे हळूहळू नाही, एका क्षणात झालं. बहुतेक वेळा कुणीतरी मोठा पाहुणा आला आहे.

चावे येतात, पण फक्त मिनो आणि ब्लीकचे, बोटाएवढ्या माशांचे, तेही अळी पाण्यात पडताक्षणी.

यातलं कुठलं लक्षण आहे ते मनाशी ठरवा आणि मगच पुढे जा. आणखी एक पथ्य: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला पंधरा मिनिटं द्या. फ्लोट, गळ, खोली आणि जागा एकदम बदलली तर मासे परत आले तरी ते कशामुळे आले हे कळत नाही.

पहिली तपासणी: तुमची मूठ

याला एक पैसाही लागत नाही आणि दहापैकी बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. तरी लोक सगळ्यात आधी गळ बदलतात.

लहानपणी वाईच्या घाटावर आजोबा मला माशांना चुरमुरे घालायला न्यायचे. मी घाईने अख्खी पुडी रिकामी करायची. चुरमुरे तरंगत तरंगत खाली जायचे आणि पायरीशी जमलेले मासे त्यांच्या मागोमाग निघून जायचे. आजोबा चार-चार दाणे टाकायचे, थांबायचे, पुन्हा चार दाणे. त्यांच्या पायरीशी मासे तासभर हलायचे नाहीत. सुट्या चाऱ्याचं सगळं शास्त्र त्या पायरीवर आहे.

थोडं थोडं पण सतत टाकलं की मासे एकमेकांशी चढाओढ करतात. वरून पडणारा घास दुसऱ्याने पटकावू नये म्हणून पुढे होतात आणि त्या घाईत तुमची गळाला लावलेली अळीही बिनदिक्कत गिळतात. एकदम ढीग टाकला तर तळाशी जेवणाची पंगतच बसते. कुणाला कसली घाई उरत नाही. आणि टाकायचं विसरलात, मासा सोडवण्याच्या नादात पाच मिनिटं हात थांबला, तर थवा पांगतो. नव्याने शिकणाऱ्याच्या हातून हे तिसरं सगळ्यात जास्त होतं. मासे लागायला लागले की माणूस चारा टाकायचं विसरतो आणि मग मासे थांबले म्हणून हळहळतो.

अंदाज सांगते. उन्हाळ्यात, पाणी कोमट असताना, दर फेरीला वीस-तीस अळ्या. हिवाळ्यात पाच-सहा, कधी कधी तीनच. चार-पाच तासांच्या बैठकीला उन्हाळ्यात दोन ते तीन पाइंट, थंडीत अर्धा ते एक पाइंट. (इथली टॅकलची, म्हणजे मासेमारीच्या सामानाची, दुकानं अळ्या पाइंटनेच मोजून देतात, एक पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त.)

आता तपासणी. रॉड खाली ठेवा. दहा मिनिटं फ्लोट सोडूच नका, फक्त मिनिटाला एकदा थोड्या अळ्या टाकत राहा. हे दहा मिनिटं फार जड जातात, पण टाळू नका. गळाला लागलेले मासे धडपडून थवा बिथरलेला असतो. त्याला धोका नसलेलं जेवण मिळालं की धीर परत येतो. त्यानंतर पुन्हा फ्लोट सोडा. पहिल्या दोन फेऱ्यांत मासा लागला तर रोग कळला: तुम्ही थव्याला उसंत देत नव्हता.

तरीही काही नसेल, तर चारा निम्मा करून पंधरा मिनिटं बघा. तेवढ्याने फरक पडला नाही तर उलट करा, प्रमाण आधीइतकंच ठेवून दुप्पट वेळा टाका. नुसत्या मिनो-ब्लीकचा त्रास असेल तर बहुतेक वेळा चारा कमी पडत असतो. तो वरच्या वर संपतो आणि खालच्या रोचपर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी तपासणी: चारा तळाशी नेमका कुठे पोहोचतो

समोर टाकलं म्हणजे समोर पडलं, असं नदीत होत नाही. काठाजवळच्या संथ, स्वच्छ पाण्यात एक अळी सोडा आणि ती तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजा. समजा, पाच फूट पाण्याला दहा सेकंद लागली. आता प्रवाहात एखादं पान वाहताना बघा आणि ते सेकंदाला किती फूट जातं याचा अंदाज घ्या. दीड फूट म्हणजे तुमची अळी तळाशी पोहोचेपर्यंत पंधरा फूट खाली गेलेली असते. तळाजवळ ओढ कमी असते, म्हणून प्रत्यक्षात थोडं अलीकडे. पण तुम्ही समजत होता त्यापेक्षा बरंच खाली. मासे तिथेच जेवायला बसणार.

‘मासे खाली खाली सरकतात’ या लक्षणावर उपाय यातूनच निघतो. चारा प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, म्हणजे समोरच्या पाण्यात नाही तर तिथून पाच-सात यार्ड वर. दूर टाकायचा असेल तर गलोल वापरा. वाऱ्यात हाताने टाकलेल्या अळ्या पसरतात आणि मासेही त्यांच्याबरोबर पसरतात. टाकण्याची जागा मात्र प्रत्येक वेळी एकच ठेवा. समोरच्या काठावरचं एखादं झाड किंवा खुंट खूण म्हणून धरा.

ओढ जास्त असेल तर जड चारा घ्या. उकडून फुटलेलं भांगेचं बी अळीपेक्षा झटपट बुडतं आणि रोच, चब, बार्बेल तिघांनाही वेड लावतं. घाबरू नका, इथल्या टॅकलच्या दुकानात ते उघड मिळतं, माशांचा जुना खुराक आहे तो. रात्रभर भिजवून, दाणा फुटून पांढरा कोंब दिसेपर्यंत उकडायचं, आपल्याकडे मटकी शिजवतो त्याच धीराने.

कास्टर वापरत असाल तर आणखी एक तपासणी कराच. मूठभर कास्टर कपभर पाण्यात टाका. कोष जसजसा काळपट होतो तसतसा तो हलका होतो आणि तरंगायला लागतो. तरंगणारे दाणे चाऱ्यात गेले की माझ्या चुरमुऱ्यांसारखी गत होते, मासे त्यांच्यामागे वरच्या पाण्यातून निघून जातात. तरंगलेले काढून टाका. घरून निघताना चांगले वाटलेले कास्टर उन्हात दोन तासांत काळवंडतात, म्हणून डबा सावलीत आणि बंद ठेवा.

तिसरी: खोली

सकाळी खोली मोजून फ्लोट बरोबर लावलेला असतो, म्हणून या गोष्टीवर कुणी संशय घेत नाही. पण दीड तास वरून चारा पडत राहिला की मासे तो पडता पडताच धरायला तळ सोडून वर येतात, विशेषतः उन्हाळ्यात. तुमचा गळ मग त्यांच्या पोटाखालून जातो. दोरी त्यांच्या अंगाला घासते, फ्लोट हलतो, तुम्ही झटका मारता आणि हाती काही येत नाही.

फ्लोट एका वेळी सहा इंच खाली सरकवा, म्हणजे गळ तेवढा वर येईल. दोन-तीन फेऱ्या बघा. पुन्हा सहा इंच. पाच फूट पाण्यात मला डेस दोन फुटांवर लागलेले आहेत. थंडीत याच्या उलट: गळ तळाला जेमतेम टेकेल किंवा दोन-चार इंच घासत जाईल असा ठेवा, कारण गारठलेला मासा घासासाठी वर यायला तयार नसतो.

चौथी: फ्लोटची चाल

इथे थोडी कसरत आहे आणि शिकायला सगळ्यात जास्त वेळ मलाही याच गोष्टीला लागला.

वरचं पाणी खालच्यापेक्षा वेगाने वाहतं. फ्लोट मोकळा सोडला तर तो वरच्या वेगाने पळतो आणि खालच्या आमिषाला फरपटत नेतो. आजूबाजूला सुटे दाणे आरामात वाहत असताना एकच दाणा धावत सुटलेला दिसला, तर जाणता रोच त्याला तोंड लावत नाही. म्हणून फ्लोट हलक्या हाताने रोखून धरायचा, आमिष थोडं पुढे आणि फ्लोट मागे, अशा बेताने. अधूनमधून पूर्ण थांबवा आणि सोडा. थांबवल्यावर आमिष वर उचललं जातं, आणि कित्येक चावे त्याच क्षणी येतात.

हे जमत नसेल तर वारा बघा. वारा प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे खालून वर येत असेल तर वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना दोरी धरलेल्या स्टिक फ्लोटला तो मदतच करतो. वारा प्रवाहाच्याच दिशेने असेल तर तो दोरीला फ्लोटच्या पुढे ढकलतो, दोरीचा बाक होतो आणि तो बाक फ्लोटला ओढत नेतो. अशा वेळी आधी रॉड उचलून दोरीचा बाक हलकेच मागे टाका. ते सारखं सारखं करावं लागत असेल तर एक आकार जड फ्लोट लावा. हलका फ्लोट चांगला, हा समज नदीवर खरा ठरत नाही. जड फ्लोट रोखून धरता येतो, हलका आपल्याकडे काठाशी ओढला जातो. तेवढ्यानेही भागलं नाही तर फक्त खालच्या टोकाला दोरी बांधलेला वॅगलर लावा, रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवा.

फ्लोटखालचे शॉट, म्हणजे दोरीला चिमटलेली छोटी गोल वजनं, बघून घ्या. नंबर ८ चे शॉट शर्टाच्या बटणांसारखे सारख्या अंतरावर लावले की आमिष हळूहळू, सुट्या चाऱ्यासारखं खाली जातं. मासे वर आलेले असताना हेच हवं. मिनो-ब्लीक सतावत असतील तर तेच शॉट खाली एकत्र सरकवा, म्हणजे आमिष त्यांच्या तावडीतून झटकन तळाला जाईल. शिशाबद्दल एक सूचना: १९८७ पासून इथे ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांना मनाई आहे, कारण ती गिळून हंस मरत होते. गावाकडून आणलेल्या डबीतल्या शिशाच्या गोळ्या इथे वापरू नका.

पाचवी: गळ आणि त्यावरची अळी

गळ नखावर टेकवून हलकेच ओढा. रुतला तर ठीक, घसरला तर फेका. दोन अळ्या लावत असाल तर एक लावा आणि गळ १८ वरून २० नंबरचा, म्हणजे आणखी बारीक, घ्या. दर दोन-तीन फेऱ्यांनी अळी बदला. फुटलेल्या अळीत जीव नसतो. चाऱ्यात अळ्या आणि गळाला कास्टर, असा बदल कधी कधी चांगला रोच देऊन जातो. अळ्यांना हळद लावणं ही इथल्या जुन्या लोकांचीही रीत आहे हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आदल्या रात्री अळ्या चाळून मक्याच्या पिठात चमचाभर हळद घालून त्यात ठेवायच्या, अमोनियाचा वास जातो.

सहावी: पाण्याखालचा पाहुणा

चावे एका क्षणात थांबले आणि वरच्या पाचही तपासण्यांनी काही झालं नाही, तर पाइकचा, म्हणजे लहान मासे खाणाऱ्या मोठ्या शिकारी माशाचा, संशय घ्या. अंगावर ताजे ओरखडे असलेला रोच, पृष्ठभागावर लहान माशांची अचानक फुटलेली पांगापांग, ओढत आणताना मध्येच जड झालेला मासा, या त्याच्या खुणा. पाणकावळा किंवा पाणमांजर असेल तर ते बहुतेक दिसतंच.

पाइकशी भांडू नका. चारा तसाच चालू ठेवा आणि वीस मिनिटं दुसऱ्या ओळीवर, म्हणजे दोन रॉडच्या लांबीएवढं काठाकडे किंवा नदीत आत, फ्लोट सोडा. शहाणी माणसं सकाळपासूनच दोन ओळी चारून ठेवतात, मीही तेच करते. पकडलेले मासे चारा टाकता त्याच जागी सोडू नका. थोडं खाली, संथ पाण्यात, हातात धरून ते स्वतः निघून जाईपर्यंत थांबा. आणि काठावर पाय आपटू नका, उभ्याने सावली पाण्यावर पडू देऊ नका. स्वच्छ खडीच्या नदीत माशांना माणूस आपल्या समजुतीपेक्षा खूप लवकर जाणवतो.

सातवी: खुद्द नदी

शेवटी अशी पाळी येते की दोष तुमचा नसतोच. रात्रीत थंडी पडून पाणी झपकन गार झालं, वितळलेला बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ नाल्यांतून नदीत आलं, पाणी चढून चहासारखं झालं, की मासे तोंड मिटतात. सरकारच्या संकेतस्थळावर जवळजवळ प्रत्येक नदीची पातळी दिसते, निघण्याआधी बघत जा. पाण्याचा थर्मामीटर दहा पौंडांच्या आत मिळतो आणि वहीत आकडे लिहिले तर दोन हंगामांत तो तुमचा गुरू होतो. पाणी हळूहळू निवळतंय आणि तापमान स्थिर आहे, असा दिवस निवडा. गार पाण्यात पावाचा चुरा आणि गळाला पावाची छोटी चकती अळीपेक्षा चांगली चालते.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

सगळ्या तपासण्या तीन-चार वेळच्या बैठकींत करून झाल्या, शेजारच्या जागेवर लोकांना मासे लागताहेत आणि तुम्हाला नाही, तर आणखी सामान विकत घेऊ नका. प्रशिक्षित कोचबरोबर एक दिवस घालवा. अँगलिंग ट्रस्ट या गळ टाकणाऱ्यांच्या संस्थेकडे कोचची माहिती मिळते. फ्लोटची चाल वाचून जेवढी कळते त्याच्या कितीतरी पट शेजारी उभ्या असलेल्या जाणकाराच्या हाताकडे बघून कळते. रीळमधली दोरी फेरीच्या मध्ये अडकून फ्लोटला झटके बसत असतील तर रीळ घरी उघडू नका, दुकानात द्या.

मासे पृष्ठभागावर तोंड वासून धापा टाकत असतील, मेलेले तरंगत असतील, पाण्याला तेलाचा, मैल्याचा किंवा औषधाचा वास येत असेल, तर तिथे तपासणी करायची नाही. गळ ताबडतोब बाहेर काढा, पाण्यात हात घालू नका आणि एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या चोवीस तास चालणाऱ्या ०८०० ८० ७० ६० या क्रमांकावर कळवा. नदीचं नाव, जवळचा पूल, आणि पहिल्यांदा कधी दिसलं, एवढं सांगा. ‘दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल’ म्हणून थांबू नका. पाण्यातला प्राणवायू संपत असताना एकेक तास मोलाचा असतो.

गळात किंवा दोरीत अडकलेला हंस किंवा बदक दिसलं तर दोरी तोडून मोकळं होऊ नका, आरएसपीसीए या प्राणिरक्षण संस्थेला फोन करा. विजेच्या तारांखाली कार्बनचा रॉड उभारू नका, आणि तारेत दोरी अडकली तर ओढू नका. दूर व्हा आणि १०५ या वीजपुरवठ्याच्या क्रमांकावर सांगा.

गळ स्वतःच्या बोटात टोकामागच्या उलट्या काट्यापलीकडे रुतला, किंवा डोळ्याजवळ कुठेही लागला, तर पक्कड बाजूला ठेवा आणि थेट इस्पितळात जा. आणि नदीवरून आल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत थंडी वाजून ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘मी नदीवर होतो’ हे सांगा. मुंबईच्या पावसाळ्यात आपण ज्याला लेप्टो म्हणून ओळखतो तोच आजार इथल्या नद्यांवर उंदरांच्या मुतातून होतो. इथल्या फ्लूच्या हंगामात तो सहज नजरेआड होतो. हाताला जखम असेल तर चिकटपट्टी लावूनच अळ्यांच्या डब्यात हात घाला, आणि डबा खाली ठेवल्यावर हात धुतल्याशिवाय पोळीच्या डब्याला हात लावू नका.